भांड्यांची लाकडी मांडणी: मापं, लाकूड, पॉलिश आणि भिंतीवर टांगणं

दांडियाबाजार_बडोदे

नमस्कार मंडळी. सिंकच्या उजव्या हाताला भिंतीवर भांड्यांची लाकडी मांडणी करायची आहे. सध्या तारेची आहे. तिच्या जोडांना गंज चढलाय आणि ताटांच्या कडांना तांबूस डाग लागतात.

जागा ३८ इंच रुंद, ४० इंच उंच. ठेवायचं ते असं: ११ इंची १० ताटं, ७ इंची १२ ताटल्या, वीसेक वाट्या, पेले, फुलपात्री, तीन-चार पातेली आणि त्यांच्या झाकण्या. भांडी घासून ओलीच लावली जातात, ही सवय बदलणार नाही असं धरूनच सांगा. हातकरवत, रंधा, पटाश्या, गुण्या, ड्रिल आणि चार क्लॅम्प आहेत. टेबल सॉ नाही.

अडलंय ते एवढंच:

लाकूड कोणतं? लातीवर (लाकडाच्या वखारीत) एकाने पाइन सुचवलं, दुसऱ्याने मरीन प्लाय, आणि एका पाडलेल्या वाड्याचं जुनं सागवानही मिळतंय.

ताटं उभी राहायला दांड्यांमध्ये किती अंतर ठेवायचं? तयार मांडण्यांत ताट एक तर अडकतं, नाही तर शेजारच्या ताटावर रेलतं.

पॉलिश कोणतं टिकेल?

आणि भिंत जुनी आहे, १४ इंची, चुन्यातली. गिलावा ठिसूळ आहे. मांडणी भांड्यांसकट खाली येणार नाही ना?

---

गुण्या_पटाशी

जुनं सागवान मिळत असेल तर डोळे मिटून तेच घ्या. डोळे मिटून म्हणजे लाकडाच्या जातीपुरतं. प्रत्येक नग मात्र उलटून-पालटून बघा. पन्नास-साठ वर्षं वाड्यात राहिलेलं लाकूड जेवढं आकसायचं तेवढं आकसून बसलेलं असतं, त्यामुळे पावसाळ्यात फुगणं आणि उन्हाळ्यात फटी पडणं कमी. त्यात खिळे असतातच. लोहचुंबक फिरवून एक-एक काढा. एक राहिला तरी रंध्याचं पातं गेलं. नगाच्या कडेला पिवळट-पांढरा पट्टा दिसला तर तो कापून टाका. सागाचा तपकिरी गाभा किडीला दाद देत नाही, पण हा पांढरा भाग किडा आवडीने खातो. बारीक भोकं आणि पिठासारखा भुसा दिसला तर तो नग घरातच आणू नका.

पाइन ओल्या मांडणीला नको. पाणी पितं, काळं पडतं, आणि मऊ असल्याने स्क्रू दोन पावसाळ्यांत सैल होतात. मरीन प्लाय, म्हणजे आयएस ७१० चा शिक्का असलेला, पाण्यात टिकतो; पण दीड इंची पट्ट्या कापल्या की चारही बाजूंनी थर उघडे पडतात आणि त्या कडांत स्क्रू नीट धरत नाही. प्लाय पेटीला उत्तम, पट्ट्यांच्या मांडणीला नाही. पार्टिकल बोर्डचा तर विचारही नको. एकदा भिजला की फुगतो आणि पुन्हा मूळ जाडीला येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी ज्यांच्या घरात आलं त्यांना हे वेगळं सांगायला नको.

तुमच्या जागेत बसणारी मांडणी अशी: रुंदी ३६, उंची ३६, खोली १० इंच. बाजूंना सबंध फळ्या लावू नका. शिडीसारख्या तीन चौकटी करा: डावी, मधली, उजवी. फळीमागे ओल कोंडते, शिडीतून वारा जातो.

कापायचे नग (इंचात):

- उभ्या: ६ नग, ३६ × १½ × १
- चौकटीचे आडवे: १२ नग, ९ × १½ × १ (यात दोन्हीकडचं एकेक इंच कुसू, म्हणजे उभ्यात घुसणारं टोक, धरलंय)
- लांब पट्ट्या: ७ नग, ३६ × १½ × ¾
- आखूड पट्ट्या: २ नग, १८ × १½ × ¾
- दांड्यांच्या वरच्या पट्ट्या: ४ नग, १६½ × १½ × ¾
- पुढचा कठडा: १ नग, ३६ × १½ × ¾
- भिंतीच्या पट्ट्या: २ नग, ३६ × ३ × १
- गोल दांड्या, १२ मिमी: १८ नग १५¼ इंची, २२ नग १०¾ इंची

दांड्या सोडून हे सगळं मिळून पाऊण घनफुटाच्याही आत येतं. करवतीचा भुसा, रंधा आणि खिळ्यांचे तुकडे धरून १ घनफूट घ्या. पट्ट्या लातीवरच चिरून आणि रंधून घ्या. सगळी जाडी हाताने एकसारखी आणणं वेळखाऊ आहे आणि जाडी चुकली की पुढचं सगळं चुकतं.

प्रत्येक चौकटीत उभ्यांची दीड इंची बाजू खोलीच्या दिशेने ठेवा. दोन उभ्यांच्या मध्ये ७ इंच मोकळे राहतात. आडव्यांची खालची कड तळापासून १½, १७ आणि २८ इंचांवर. चौथा आडवा अगदी वर. सगळ्या सहा उभ्या एकत्र क्लॅम्पमध्ये धरून एकाच रेघेत खुणा करा. एकेकीवर वेगळं मोजलंत तर कुठे तरी एक सूत (इंचाचा आठवा भाग) इकडे-तिकडे होतं आणि मांडणी डुगडुगते.

जोड सालकुसूचाच करा, म्हणजे उभ्यात खणलेल्या खाचेत (साल) आडव्याचं कुसू. कुसू ३ सूत जाड, १ इंच रुंद, १ इंच लांब. साल मात्र इंचाला अर्धं सूत जास्त खोल खणा. गोंदाला जागा नसेल तर तो कुसवाला बाहेर ढकलतो आणि खांदा टेकत नाही. एकूण २४ साली आहेत. आधी १० मिमीच्या ड्रिलने नव्हे, ८ च्या ड्रिलने भोकं ओळीत पाडा आणि ३ सुती पटाशीने कडा साफ करा. ड्रिल साल खणायच्या जाडीएवढंच घेतलं तर ते जरा हललं तरी साल रुंद होते आणि कुसू सैल बसतो.

सागाला अंगचं तेल असतं, म्हणून गोंद नीट धरत नाही. कुसू थिनरने पुसा आणि तासाभरात गोंद लावा. साधा पांढरा गोंद नको, पाण्यात टिकणारा घ्या, फेव्हिकॉल मरीनसारखा. चौकट आवळल्यावर दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले तरच काटकोन खरा.

आता ताटांचं, कारण तयार मांडण्या इथेच चुकतात. ताट ज्या कप्प्यात उभं राहायचं तिथे तीन पट्ट्या टाकल्या की ताट मधल्या पट्टीवर बसतं आणि पुढे गडगडतं. गोल वस्तूला दोन टेकू लागतात. म्हणून डाव्या खणात दोनच पट्ट्या, मध्ये साडेतीन इंच मोकळे. ११ इंची ताट त्या फटीत दोन सुतांहून थोडं जास्त खाली बसतं आणि हलत नाही. ७ इंची ताटली सुमारे चार सूत बसते. उजव्या खणात पातेली, वाट्या, तिथे मध्ये १८ इंची तिसरी पट्टी टाका. सर्वांत वर तिन्ही पट्ट्या पूर्ण लांबीच्या.

दांड्यांचं अंतर: ताटाच्या काठाची उंची मोजा, त्यात दीड-दोन सूत मिळवा. ती मोकळी फट. फट आणि दांडीची जाडी मिळून एका भोकापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर. तुमच्या खणाची आतली रुंदी साडेसोळा इंच, म्हणजे ४१९ मिमी. इथे सूत बाजूला ठेवा आणि मिलिमीटर धरा. १० ताटांना ९ दांड्या: पहिलं भोक चौकटीच्या आतल्या बाजूपासून ३७ मिमीवर, पुढे दर ४३ ला. म्हणजे ३७, ८०, १२३, १६६, २०९, २५२, २९५, ३३८, ३८१. मोकळी फट ३१ मिमी मिळते, इंचभर काठाचं ताट आरामात जातं. १२ ताटल्यांना ११ दांड्या: पहिलं ३० वर, पुढे दर ३६ ला. पट्टी एकदाच लावून सगळ्या खुणा एका शून्यापासून करा. मागच्या खुणेपासून पुढची मोजत गेलात तर अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरची चूक साठत जाते आणि शेवटचं ताट आत जात नाही.

दांड्यांची भोकं खालची पट्टी आणि वरची पट्टी एकावर एक आवळून एकदमच पाडा. खालची पट्टी आरपार, वरचीत अर्धा इंच. ड्रिलच्या पात्याला खोलीची खूण म्हणून चिकटपट्टी गुंडाळा. आरपार का, तर भोक बुजलेलं असेल तर दांडीच्या बुडाशी पाणी साचतं आणि दांडी तिथेच कुजते. शिवाय आरपार असलं की तुटलेली दांडी खालून काढून नवी सारता येते. दांड्यांना गोंद लावू नका. खालून एक बारीक पितळी खिळा आडवा ठोकला की पुरे.

वरची पट्टी तिच्या वरच्या कप्प्याच्या पट्टीला खालून स्क्रूने लावा. दोन्ही पट्ट्यांचा मध्य एकाच ओळंब्यात यायला हवा.

मधली चौकट कुणी तरी "कशाला हवी" म्हणून गाळायला सांगेल. गाळू नका. तिच्याशिवाय पाऊण इंची पट्टी ३४ इंच मोकळी राहते आणि २० किलो भांड्यांखाली लगेच सुताहून जास्त वाकते. ओलं लाकूड वजनाखाली हळूहळू आणखी वाकतच जातं. अंतर निम्मं केलं की तेवढ्याच दाटीने भांडी ठेवूनही वाक सोळाव्या हिश्शावर येतो.

---

दांडियाबाजार_बडोदे

काका, एवढं तपशिलात सांगितलंत, मनापासून आभार. दोन शंका. स्क्रू किती आणि कोणते? आणि गोल दांड्या सागाच्या तयार मिळत नाहीत, बाजारात पांढऱ्या लाकडाच्या दिसतात. बांबू चालेल का?

---

गुण्या_पटाशी

स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच, ३०४ दर्जाचे, ८ नंबर. २ इंची ४० नग (पट्ट्यांना २५, भिंतीच्या पट्ट्यांना १२, बाकी हाताशी), सव्वा इंची १२ नग दांड्यांच्या वरच्या पट्ट्यांना, दीड इंची ३ नग कठड्याला. लोखंडी खिळा किंवा स्क्रू ओल्या सागात गेला की लाकडातल्या टॅनिनशी लोखंडाची क्रिया होऊन भोवती शाईसारखा काळा डाग पसरतो. तो रंध्यानेही जात नाही, आत उतरलेला असतो. बाभळीत टॅनिन जास्त, तिथे हे आणखी लवकर होतं.

पट्ट्यांचे स्क्रू वरून नव्हे, आडव्याच्या खालून वर मारा. डोकं एक सूत आत बुडवा. वरून मारले तर प्रत्येक डोक्याच्या खड्ड्यात पाणी थांबतं.

स्टेनलेसचा स्क्रू लोखंडापेक्षा मऊ, सागात जबरदस्तीने फिरवला की मान तुटते आणि तुकडा आत राहतो. आडव्यात ४½ मिमीचं मोकळं भोक, पट्टीत ३ मिमीचं. आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा फिरवून काढा, मग स्टेनलेसच्या आट्यांवर मेण घासून बसवा.

दांड्यांसाठी खरादीकडे (लाकूड गोल कातणाऱ्याकडे) जा. आपल्याकडे संखेड्याचं लाकूडकाम सागावरच चालतं, खरादीला १२ मिमीच्या सरळ दांड्या काढणं म्हणजे हातचं काम. फक्त लाखेचा रंग लावू नका म्हणून आधीच सांगा, कोऱ्या घ्या. बाजारातली पांढरी दांडी बहुधा रबरवुड किंवा पाइनची असते. कोरड्या कपाटात चालेल, इथे नको. बांबू दिसतो मजबूत, पण त्यात पिष्ट असल्याने किडा पटकन लागतो आणि टोकाशी ओल लागली की उभा चिरतो.

---

मकरपुरा_वर्कशॉप

दांड्यांना आणखी एक पर्याय: ६ मिमीचे स्टेनलेसचे गज. फॅब्रिकेशनवाला मापाने कापून टोकं घासून देतो. जाडी निम्मी झाल्याने त्याच खणात १० ऐवजी ११ ताटं बसतात, आणि पाणी मुरायचा प्रश्नच नाही. भोक ६ मिमीचं घट्ट ठेवा, नाही तर ताट काढता-घालता गज खणखणतो. ज्याला तो आवाज नको असेल त्याने लाकडीच घ्यावी.

आता पॉलिश. इथे लोक सर्वांत जास्त पैसे वाया घालवतात.

चपड्याचं पॉलिश, म्हणजे लाखेचं, ओल्या मांडणीवर आठवडाभरात पांढरं पडतं आणि गरम पातेलं टेकलं की चिकटतं. बैठकीच्या खुर्चीला ते सुंदर, इथे नाही. मेलामाइन आणि पीयू (पॉलियुरेथेन) हे वरून काचेसारखा पापुद्रा धरतात. सपाट टेबलावर तो उत्तम टिकतो. मांडणीला मात्र दीडशेच्या वर टोकं, भोकं आणि जोड आहेत. लाकूड हलतं, पापुद्रा हलत नाही. जोडाशी केसाएवढी चीर पडते, पाणी खाली शिरतं आणि मग बाहेर यायला वाट नसते. वरून चकचकीत आणि आतून काळं, अशी स्थिती होते. दुरुस्त करायचं तर सगळं खरवडावं लागतं.

म्हणून तेल. अळशीचं, हार्डवेअरच्या दुकानात डबल बॉइल्ड म्हणून मिळतं ते. कच्चं अळशी तेल वाळायला आठवडे घेतं. खाण्याचं शेंगदाणा तेल, एरंडेल वगैरे लावू नका. ती तेलं वाळतच नाहीत, चिकट होतात आणि त्यावर धूळ बसून खवट वास येतो.

पद्धत: १२० आणि मग १८० च्या कागदाने घासा. ओल्या फडक्याने एकदा पुसून वाळू द्या, लव उभी राहील, ती १८० ने पुन्हा काढा. तेल फडक्याने भरपूर लावा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, आणि न मुरलेलं सगळं पुसून काढा. पुसलं नाही तर वर साय धरते आणि ती महिनाभर चिकट राहते. चोवीस तासांनी दुसरा हात, मग तिसरा. लाकडाच्या टोकांना आणि भोकांच्या आत दुप्पट लावा, कारण लाकूड पाणी पितं ते मुख्यतः टोकांतून, तिथे नळ्या उघड्या असतात. हे सगळं जोडणीआधीच करा, फक्त कुसू आणि साली कोऱ्या ठेवा. तेल लागलेल्या कुसवाला गोंद धरत नाही.

या तेलात वाळवण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात, म्हणून शेवटच्या हातानंतर तीन-चार आठवडे वारं लागू द्या, वास पूर्ण गेला की मगच भांडी लावा.

आणि हे नीट वाचा. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेतं. उन्हाळ्यात बडोद्याचा पारा बेचाळीसला टेकतो तेव्हा तर मुळीच नको. फडकी पसरून दोरीवर वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी मेमध्ये, दांड्या काढून एक हात द्यायचा. सगळं मिळून तासाभराचं काम.

---

फतेगंजची_ताई

सगळं नीट वाचलं. लाकूडकामातलं तुम्ही जाणता, पण ही मांडणी वापरणाऱ्याच्या हाताला कुठे येते ते कुणी मोजलेलं दिसत नाही.

ओटा साधारण ३३-३४ इंच. सिंकवर मांडणी टांगली तर नळ आणि घागर यांना जागा म्हणून खालची कड ५४ इंचांवर जाते. मग सर्वांत वरचा कप्पा जमिनीपासून ८४ इंचांवर, म्हणजे सात फुटांवर! पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईचा हात टाचा न उचलता सव्वासहा फुटांच्या आसपास पोचतो. रोज स्टूल लागणार.

तुमची भिंत सिंकच्या शेजारी आहे, वर नाही, हे बरं आहे. खालची कड ४८ इंचांवर घ्या. मग ताटं ५२ ते ६३ च्या मध्ये, अगदी हाताखाली. ताटल्या ६७ ते ७४, त्याही ठीक. वरचा कप्पा ७८ ला. तिथे रोजची भांडी नकोत, सणावाराची हलकी ठेवा, आणि काचेची मुळीच नको.

दुसरं, जड पातेली उजव्या खणात खाली, वाट्या त्यांच्या वर. उलट झालं तर ओलं पातेलं वरून काढताना पाणी कोपरापर्यंत ओघळतं. वाट्या आणि पेले पालथे ठेवायचे, पण पट्टीच्या मधोमध नव्हे, फटीवर येतील असे. पट्टीवर पालथा पेला ठेवला की आतली वाफ कोंडते आणि पट्टीवर गोल काळी वर्तुळं उमटतात. उजव्या खणातली इंचाची फट त्यासाठी बरोबर आहे. चमचे, डाव, झारे मात्र त्या फटीतून खाली पडणार, त्यांना वेगळा भोकाचा डबा हवा.

तिसरं, पाणी शेवटी जातं कुठे? खाली ओटा नसेल तर फरशीवर ठिबकणार. तळाच्या पट्ट्यांखाली सरकणारा पत्र्याचा ट्रे बसवा, ३४ × ९ इंच, काठ अर्धा इंच. तो रोज ओतायला हवा. साचलेल्या पाण्यावर बुळबुळ धरते आणि चिलटं येतात.

---

गुण्या_पटाशी

ताई, उंचीचं तुमचं बरोबर. मी जागा ४० इंच आहे म्हणून ३६ भरून टाकली. वरचा कप्पा नकोच असेल तर उभ्या ३१ इंची करा. २८ वरचा आडवा आणि त्याच्या दोन पट्ट्या मात्र राहू द्या, ताटल्यांच्या दांड्या त्यांनाच अडकतात. कठडा, वरचे तीन आडवे आणि मधली तिसरी पट्टी वाचते.

ट्रेला जागा हवी म्हणून तळाचा आडवा दीड इंचावर घेतलाच आहे. मधल्या चौकटीच्या उभ्या ट्रेच्या आड येतील, तेव्हा एक लांब ट्रे न करता दोन आखूड करा, प्रत्येकी १६ इंच लांब आणि साडेनऊ खोल. पुढून ओढता येतील. टेकायला खाली अर्ध्या इंचाच्या कोनपट्ट्या, त्याही स्टेनलेस.

---

ओळंबा

भिंतीचं राहिलंय, ते मी सांगतो.

आधी वजन. सागाची ही मांडणी १३ किलोच्या आसपास होईल. ११ इंची स्टीलचं ताट साधारण साडेतीनशे ग्रॅम, म्हणजे १० ताटं साडेतीन किलो. ताटल्या, पातेली, वाट्या, पेले सगळं धरून एकूण ४५ किलो समजा. वजनाचा मध्य भिंतीपासून ६ इंचांवर येतो (५ खोलीचे, १ भिंतीच्या पट्टीचा). वरची स्क्रूची ओळ खालच्या कडेपासून ३३ इंचांवर असेल तर तिला बाहेर ओढणारा जोर ४५ गुणिले ६ भागिले ३३, म्हणजे जेमतेम ८ किलो! चार स्क्रूंत वाटला तर प्रत्येकी दोन. हीच ओळ खाली ६ इंचांवर घेतली तर ओढ ४५ किलो होते. म्हणून मुख्य पट्टी नेहमी वर.

एवढा कमी जोर असूनही मांडण्या का पडतात? कारण प्लग (स्क्रू धरायला भोकात बसवायची प्लास्टिकची नळी) विटेत नसतो, गिलाव्यात असतो. जुन्या घरात गिलावा इंचभर जाड असतो. दोन इंची स्क्रूतला एक इंच लाकडात गेला, एक इंच गिलाव्यात, विटेला स्पर्शच नाही.

तुम्हाला लागेल तो १० मिमीचा प्लग आणि १०० मिमी लांब, षटकोनी डोक्याचा स्क्रू, डोक्याखाली मोठा वॉशर. इंच लाकूड, इंच गिलावा, उरलेले दोन इंच विटेत. वर ४, खाली २.

चुन्याच्या भिंतीत भोक पाडताना ड्रिलचा ठोक्याचा खटका बंद ठेवा. जुनी वीट मऊ असते, ठोक्याने भोक वाटोळं न राहता पसरतं. बाहेर येणाऱ्या भुकटीचा रंग बघत राहा. आधी पांढरी, तो गिलावा. मग लाल आली की वीट. पांढरीच येत राहिली तर तुम्ही दोन विटांमधल्या चुन्याच्या सांध्यात आहात, तिथे प्लग धरणार नाही. दीड इंच वर किंवा खाली सरका. म्हणूनच भिंतीच्या पट्टीला आधी भोकं पाडू नका. आधी भिंतीत चांगल्या जागा शोधा, मग त्या मापाने पट्टीला भोकं. पट्टी ३ इंच रुंद घेतली आहे ती या सरकवासरकवीसाठीच.

भोक सैल झालं तर कागद-काडी कोंबू नका. भुकटी पंपाने उडवून भोक साफ करा, ॲराल्डाइटसारखं दोन भागांचं इपॉक्सी भरा, प्लग बसवा आणि चोवीस तास हात लावू नका. जुने मिस्त्री सागाची गुल्ली ठोकायचे. चालते, पण भिंत कोरडी पडली की गुल्ली आकसते, म्हणून दरवर्षी स्क्रू आवळून बघावा लागतो.

भिंतीवर टाइल्स असतील तर टाइलपुरतं भाल्याच्या टोकाचं, काचेत भोक पाडायचं पातं, मग भिंतीचं पातं. आणि जे नव्या फ्लॅटमध्ये हे वाचत असतील त्यांच्यासाठी: करड्या-पांढऱ्या हलक्या ब्लॉकची भिंत असेल, भुकटी रव्यासारखी सहज निघत असेल, तर साधा प्लग चालणार नाही. त्या ब्लॉकसाठी वेगळे, रुंद पंखांचे प्लग येतात, तेच मागा.

भिंतीच्या पट्ट्या गाळून मांडणी थेट भिंतीला चिकटवायचा मोह होईल. तसं केलं तर १० इंच खोल मांडणीत ११ इंची ताट मागे अर्धा इंच बाहेर येतं आणि भिंतीला अडतं. इंचाची पट्टी त्यासाठीही आहे. शिवाय चुन्याची भिंत पावसाळ्यात घाम धरते, मागून वारा खेळायला हवा. पट्ट्यांच्या मागच्या बाजूला तेलाचा एक हात जास्त द्या.

---

दांडियाबाजार_बडोदे

सागवान आजच बघून आलो, पांढरा पट्टा फक्त दोन नगांना आहे. उभ्या ३१ इंचीच ठेवतो. एक शेवटचं: आत्ता जुलै चालू आहे. आता केलं तर चालेल की दिवाळीनंतर करू?

---

गुण्या_पटाशी

आता पट्ट्या चिरून घ्या, पण जोडणी लगेच नको. पट्ट्या मध्ये काड्या घालून, वारा लागेल अशा रचून घरातच तीन-चार आठवडे ठेवा. चिरल्यावर आतला ताण मोकळा होतो आणि एखादी पट्टी पिळवटते. ती नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेली बरी. म्हणून दोन पट्ट्या जास्त चिरा.

ओल्या हवेत लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. दहा इंच रुंद सागाची फळी पावसाळा ते उन्हाळा पाऊण सुतापर्यंत हलते, पण तुमच्या पट्ट्या दीडच इंच रुंद आहेत, त्यांचं हलणं नखाएवढंही नाही. पट्ट्यांची मांडणी करायचं हे एक मोठं कारण. फक्त दांड्या जुलैत हाताने सहज फिरतील इतक्या सैल ठेवा. आत्ता ठोकून बसवाव्या लागल्या तर पुढच्या वर्षी तेल द्यायला त्या निघणार नाहीत. बारीक कागदाने खालचं टोक जरा उतरवा, नीट बसेल.

---

मकरपुरा_वर्कशॉप

तेलासाठी मात्र जुलै-ऑगस्ट वाईट. दमट हवेत एका हाताला चोवीस तासांऐवजी दोन-तीन दिवस लागतात. बोट लावून बघा, चिकटलं तर पुढचा हात नको.

---

दांडियाबाजार_बडोदे

ठीक. पट्ट्या उद्या चिरायला टाकतो, दोन जास्तीच्या धरून. खरादीला दांड्यांचं माप आणि "कोऱ्या" हे दोन्ही लिहूनच देतो. चौकटी ऑगस्टअखेर, तेल सप्टेंबरच्या उघडिपीत. कर्ण सारखे आले की फोटो टाकेन.